रविवारीच जास्त दमायला का होतंय?

बाई, नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहतो, वय ३८, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकौंट्सला आहे. सोमवार ते शनिवार काम आणि रविवारी सुट्टी. प्रॉब्लेम असा आहे की मी सुट्टीलाच जास्त दमतो. हसू नका. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न असतंय, त्या आठवड्यात जेवायला टाईम नसतो, गेटवर ट्रक थांबलेला, ई-वे बिल निघत नाही, ड्रायव्हर बोंबलतोय, तरी संध्याकाळी गाडीवरनं तावडे हॉटेलपर्यंत येईस्तोवर मी गाणं म्हणत असतो. आणि रविवारी रात्री नऊला भांडी आवरली की वाटतं कुणीतरी मला पिळून दोरीवर टाकलंय.

रविवारी नणंद, तिचे मिस्टर, पोरं, कधी चुलत सासरे, अशी दहा-अकरा ताटं असतात. मटण मीच करतो, आणि खरं सांगायचं तर मला आवडतं. सहालाच अळणी शिजायला टाकतो, खोबरं मिक्सरला फिरवलं तरी पांढऱ्याचं दूध हातानंच पिळून काढतो, खसखस-काजू वेगळं वाटतो, तांबड्याला घरचीच चटणी, कट कसा वर आला पाहिजे ते सासूबाईंनी शिकवलंय. बारापर्यंत येतो म्हणतात आणि येतात अडीचला. मग जेवणं, मग हॉलमध्ये बसायचं, पगार वाढला काय, दुसरं मूल का नाही, पोराला मोबाईल किती वेळ देता. नणंदेची पोरगी अकरावी कॉमर्सला आहे, ती टॅली शिकायला माझ्याजवळ बसती तेवढा अर्धा तास बरा जातो.

मिस्टर म्हणतात, "कामावर बरी हसत असतीस, घरात आलीस की तोंड पाडतीस." मलाच माझं घर आवडत नाही काय असं वाटायला लागलंय. मोबाईलवर एक टेस्ट दिली तर त्यात मी इन्ट्रोव्हर्ट निघालो. मैत्रिणी हसून लोळायच्या बाकी होत्या, कारण फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या पोरांपासून मालकांपर्यंत मी सगळ्यांशी बडबडत असतो. मग मी नेमका कोण? आणि रविवारचं काय करू?
— पिळून टाकलेली, मंगळवार पेठ

उत्तर: बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी एक सांगते, छपाई चुकलेली नाही, आमच्याकडं कोल्हापुरात बायकापण "मी जातो, मी दमतो" असंच बोलतात. मी पण घरात "येतो" म्हणते, छापायला द्यायचं म्हटलं की शाळेतली बाई जागी होते आणि "येते" लिहिते.

आता तुमचं. सगळ्यात पहिलं काम, उद्या-परवा रिकाम्या पोटी जाऊन रक्त तपासून या. हिमोग्लोबिन, थायरॉईडचं टीएसएच, बी-१२. तुम्ही म्हणाल बाई मनाचं विचारलं आणि ह्या लॅबमध्ये धाडतात. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालं होतं, म्हणजे निम्म्याच्या वर बायका मुळातच टाकीत तेल कमी घेऊन निघालेल्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की ते कमीच धरतात. मी चाळिशीत असताना अडीच वर्षं माझ्या थकव्याला आमच्या मुख्याध्यापकांना जबाबदार धरत होते, माणूस होता पण तसाच, आणि रिपोर्ट आला तर हिमोग्लोबिन साडेआठ. गोळ्या सुरू झाल्या, तीन-चार महिन्यांत जिने चढायला लागले, मुख्याध्यापक होते तसेच राहिले. आणि हो, जेवल्या जेवल्या चहा घेत असाल तर तो तासभर पुढं ढकला, चहानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आले असं धरून पुढं बोलते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला वाटतंय तुम्ही रविवारची तक्रार लिहिलीय, पण मटणाच्या ओळी बघा की. सहाला उठणं, हातानं दूध पिळणं, खसखस वेगळी वाटणं, कट वर येणं. दमलेली बाई असं लिहीत नाही हो, दमलेली बाई "सगळा स्वयंपाक मलाच करावा लागतो" एवढं लिहून मोकळी होते. तुमचा सूर बदलतो तो एकाच ठिकाणी, "बारापर्यंत येतो म्हणतात आणि येतात अडीचला". तिथनं पुढं सगळी वाक्यं तुटकी. म्हणजे सहा ते बारा, सलग सहा तास उभ्यानं राबून तुम्ही दमलेल्या नाही आणि बारा ते अडीच, जेव्हा करायला काहीच नाही, तेव्हा तुमचा जीव जातोय. पांढरा रस्सा करणाऱ्या कुणालाही कळेल का ते. परत परत उकळला तर तो फुटतो, गार झाला तर तोंडात घालवत नाही, त्यामुळं गॅस बारीक करा, बंद करा, परत लावा, मध्येच खिडकीतनं गाडी आली का बघा, भाकरी आधी थापल्या तर वातड होणार, नंतर थापल्या तर पाहुणे ताटावर बसून तोंडाकडं बघणार. तुम्ही अडीच तास चुलीजवळ उभ्या आहात आणि काम पुढंही जात नाही, संपतही नाही.

आता फौंड्रीत बघा. ट्रक गेटवर थांबलाय, ड्रायव्हर बोंबलतोय, मान्य, पण बिल निघालं की ट्रक जातो. तो गेटातनं बाहेर पडलेला तुम्हाला दिसतो. ताळा लागला की लागला, परत कुणी अडीच वाजता येऊन तो सोडवत नाही.

ह्याच्यावर एक जुना प्रयोग आहे. ब्लूमा झायगार्निक नावाची बाई बर्लिनमध्ये शिकत होती, १९२७ साली तिनं तो छापला. लोकांना छोटी छोटी कामं दिली, निम्मी पुरी करू दिली, निम्मी मध्येच तोडली, आणि नंतर विचारलं काय काय आठवतंय, तर तोडलेली कामंच जास्त आठवली. पुढच्या लोकांनी तो प्रयोग केला तेव्हा दरवेळी तसंच आलं नाही, म्हणून तो काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण अर्धवट काम डोक्यात टोचत राहतं हे मिसळीच्या हॉटेलातल्या पोऱ्यालापण माहीत असतं, पाच टेबलांचा कट-पाव तोंडपाठ आणि पैसे दिले की सगळं साफ. आणि २०११ साली आणखी एक गोष्ट दिसली ती तुमच्या कामाची आहे, काम पुरं नाही झालं तरी ते कधी आणि कसं करायचं एवढं पक्कं ठरलं की टोचणी बरीच कमी होते.

त्यामुळं रविवारचं पहिलं औषध म्हणजे वेळ ठरवणं. "बारा" नको, "या कधीपण" तर बिलकुल नको. "दीडला ताटं वाढतो." आणि हा फोन तुम्ही करायचा नाही, मिस्टरांनी करायचा, कारण बहीण त्यांची. तुम्ही केला तर "वहिनीनं टाईम दिलाय" असं होतं, त्यांनी केला तर "दादा म्हणालाय" होतं, आपल्याकडचा हा फरक तुम्हाला मी काय सांगायचा. दीड वाजले की घरातल्यांना वाढायचं. दोन-तीन रविवार तोंडं वाकडी होतील. होऊ देत.

दुसरी जागा हॉलची. पगार, दुसरं मूल, मोबाईल. ह्यात काम काहीच नाही, नुसतं बसायचंय, म्हणून घरातल्यांना कळतच नाही की इथं दमण्यासारखं काय आहे. आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईनं १९८३ साली विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास करून "भावनिक श्रम" म्हणजे काय ते मांडलं, आतनं चिडलेलं असताना चेहरा हसरा ठेवणं हे पण कामच आहे आणि ते पगारात धरलेलं असतं. तिचा विषय पगारी नोकरीचा होता, पण आपल्या हॉलमधल्या सोफ्यावर बसून सांगा बघू काय वेगळं आहे, पगार तेवढा नाही. मनातनं "तुम्हाला काय करायचंय" आणि तोंडानं "बघू हो, अजून काही ठरवलं नाही." फौंड्रीत तुम्ही ड्रायव्हरवर ओरडता, तो तुमच्यावर ओरडतो, विषय संपतो. म्हणून तिथं गाणं सुचतं.

मग इन्ट्रोव्हर्टचं काय? इन्ट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट हे शब्द मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ मध्ये वापरात आणले आणि दोन्हीकडं न बसणारी मधलीच माणसं सगळ्यात जास्त असतात हे पण त्यानंच सांगून ठेवलंय, पण टेस्ट बनवणाऱ्यांना ते परवडत नाही, मधला माणूस निघाला तर कोण शेअर करणार. तुम्हाला माणसांनी थकवा येत नाही. नणंदेची पोरगी पण त्याच घरातली, त्याच रविवारची, आणि तिच्याबरोबरचा अर्धा तास "बरा जातो". तिथं तुम्हाला काहीतरी येतं आणि ते कुणीतरी मन लावून घेतंय. म्हणजे पाहुणे बंद करा हा उपाय नव्हेच. जेवणं झाली की तुम्ही आणि ती पोरगी आतल्या खोलीत टॅली घेऊन बसा, अर्ध्याचा तास करा, आणि हॉल मिस्टरांकडं द्या, बघू ते किती वेळ तोंड न पाडता बसतात.

घर आवडत नाही काय ह्या प्रश्नाला मी आत्ता उत्तर देत नाही, तुम्ही पण देऊ नका. आधी हिशोब मांडा. आपल्या भिंतीवर कॅलेंडर असतंच, दूध किती, सिलेंडर कधी लावला, सगळं त्याच्यावर. पंधरा दिवस त्याच चौकोनात पेन्सिलीनं अजून एक गोष्ट लिहा, दिवसातनं एक जागा जिथं अंगात आलं आणि एक जागा जिथं जीव गेला. अधिक आणि उणे. पण "ऑफिस अधिक, घर उणे" असं लिहायचं नाही. "बारा वाजल्यापासून खिडकी" असं लिहायचं. जागा जितकी बारीक तितका हिशोब खरा.

माझं सांगते. रिटायर झाल्यावर मी हे केलं तेव्हा माझी खात्री होती की सकाळचा रंकाळा हे माझं टॉनिक आहे, सगळ्यांना तसं सांगत पण होते. पेन्सिलीनं लिहायला लागले तर आठ दिवसांत पाच उणे रंकाळ्यापुढं. म्हटलं हे काय? मग एक दिवस नीट लक्ष दिलं. पाण्याचं काही नव्हतं. संध्यामठाच्या बाजूला पोहोचेपर्यंत सहा जण भेटायचे, त्यातले चार विचारायचे "मुलाचं लग्न जमलं का", आणि मी चारही वेळा हसून "जमेल की" म्हणायचे. फिरणं नव्हतंच ते, हजेरी होती. आणि अधिक कुठं, तर लक्ष्मीपुरीत भाजीवालीशी पाच रुपयांवरनं वाद घालणं आणि दुपारी मेथी निवडत बसणं. मेथी! पीएफ, पेन्शन, योगा, सगळं करून बघितलं आणि निघाली मेथी. आता मी रंकाळ्याला पहाटे साडेपाचला जाते, तेव्हा भेटणारी माणसं धापा टाकत असतात, त्यांना लग्नं सुचत नाहीत.

पंधरा दिवसांनी तुमचं कॅलेंडर मिस्टरांना दाखवा. त्यांचं पण मांडायला सांगा, त्यांचे उणे कुठं पडतात ते तुम्हालापण माहीत नसेल.

बाई, माझं वय ६४, चप्पल लाईनला ४० वर्षं गादीवर बसलो. दोन वर्षं झाली, दुकान पोराला दिलं. तो चांगलं चालवतो, मोबाईलवर ऑर्डरी घेतो, मला म्हणतो "पप्पा, आता आराम करा". आराम करतोय. पेपर, नाष्टा, टीव्ही. ११ वाजले की डोळे मिटतात, संध्याकाळी पायात गोळे. शुगर, बीपी नॉर्मल. पूर्वी गिऱ्हाईकानं पाय पुढं केला की न मोजता नंबर सांगायचो, दिवसभर उभा असायचो, दमणं माहीत नव्हतं. आता काम नाही तर दमतोय, हे कसं?
— एक दुकानदार

उत्तर: "न मोजता नंबर सांगायचो." मालक, हे वाक्य तुम्ही पत्राच्या मध्ये सहज टाकून दिलंय, पण उत्तर तेच आहे. तुम्हाला विक्रीनं तरतरी येत नव्हती, गल्ल्यानं पण नव्हती, ती त्या पायानं येत होती. कापशी चप्पल कुणाला शोभंल, कुणाचा पंजा रुंद आहे, करकर वाजणारी कुणाला पाहिजे, कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कसं कमावतात ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगताना तुमचा आवाज चढत असणार, मी बघितलेत तुमच्या लाईनीतले लोक. ४० वर्षं जे हातात मुरलंय ते दोन वर्षं बंद पेटीत पडलंय आणि तुम्ही त्याला आराम म्हणताय.

दुकान परत मागू नका, पोराचं बिनसंल. त्याला एवढंच सांगा की शनिवार-रविवार अंबाबाईची गर्दी असते तेव्हा दोन तास मी बाकड्यावर बसतो, फक्त पाय बघतो, गल्ल्याला हात लावत नाही. आणि गल्ल्याला खरंच हात लावायचा नाही, भाव पण त्यानंच सांगायचा, नाहीतर आठव्या दिवशी दोघांचं वाजणार आणि मला दोन पत्रं येणार. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत, पण मोबाईलवरनं मागवणाऱ्याला खरी कुठली आणि रेक्झिनची कुठली हे कोण सांगणार? पोराला म्हणावं तुम्ही बोलता तसा एक मिनिटाचा व्हिडिओ काढ.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. दोन आठवड्यांच्या वर कशातच गोडी वाटत नसेल, भूक मेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नसेल तर तो नुसता रिकामपणा नाही, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. फोन करायला वेडं असावं लागत नाही.

मॅडम, मी विद्यापीठात एमएस्सीला आहे, होस्टेलवर राहते. रात्री अभ्यास झाला की फ्रेश व्हायला रील्स बघते, पण फ्रेश होते का अजून दमते तेच कळत नाही. चहावर चहा चालू असतो.
— विद्यानगर

उत्तर: कळत नाही कारण तू बघताना स्वतःला विचारतेस. बघताना बरंच वाटणार, त्यासाठीच ते बनवलंय. फोन खाली ठेवल्यावर पाच मिनिटांनी विचार, आणि जमलं तर शेवटच्या तीन रील कशावर होत्या ते आठवून बघ. एकही आठवली नाही तर ती विश्रांती नव्हे.

चहाचं पण तेच. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठतं, त्यानं झोप येते, चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. साठलेलं तसंच राहतं, फक्त तुला कळत नाही. उधारीची वही कपाटात ठेवली म्हणून उधारी फिटत नाही तसं. आणि साधारण पाच तासांनी कॅफिन निम्मं उरतं, म्हणजे रात्री आठचा कप एक वाजता अजून अर्धा तुझ्या अंगात आहे, आणि तू म्हणणार झोपच येत नाही, मग रील बघते. संध्याकाळी पाचनंतरचा चहा आठवडाभर सोडून बघ, पहिले दोन दिवस डोकं दुखेल. मैत्रिणींबरोबर टपरीवर जायचं ते मात्र बंद करू नकोस, तिथं दूध माग, नाहीतर सरळ गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा सगळ्या मिळून, समोर म्हैस पिळून फेसाचा ग्लास हातात देतात, आणि तेवढा वेळ दोन्ही हात गुंतलेले असतात, फोन खिशातच राहतो.

गांधीनगरहून बिनसहीचं एक पत्र आलंय, भावाबरोबरच्या भागीदारीबद्दलचं. त्याला पुढच्या अंकात उत्तर देते, तेवढं वय आणि भाऊ थोरला का धाकटा ते कळवा.